घरांतील जाळें मंद कां चालतें?

एकत्र कुटुंबांत कलहाचीं कारणें फार मोजकीं असतात, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव होता. सकाळीं न्हाणीघराबाहेरची रांग, वर्तमानपत्र प्रथम कोणाच्या हातीं पडावें हा प्रश्न, आणि फार तर कैरीच्या लोणच्यांत मोहरी किती असावी हा वाद. याच्या पलीकडे आमच्या घरीं शब्दाला शब्द लागल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. परंतु यंदाच्या श्रावणांत या यादींत एका नव्या कारणाची भर पडली. तें कारण डोळ्यांना दिसत नाहीं, हाताला लागत नाहीं, आणि बिघडलें म्हणजे त्याचा दोष घरांतील कोणातरी माणसाच्या माथीं बसतो. हल्लीं घरोघरीं ज्याला नुसतें 'नेट' म्हणतात, त्याच्या घरांतल्या घरांत पसरलेल्या जाळ्याविषयीं आम्ही बोलत आहों.

प्रथम घराची रचना सांगणें अवश्य आहे, कारण पुढील सारें प्रकरण तिच्यावर अवलंबून आहे. आमचें घर पुण्याच्या एका जुन्या पेठेंत. वाड्याचा पुढचा भाग पाडून त्या जागीं नवी इमारत उठली. मागचा तीन मजल्यांचा भाग मात्र अद्याप उभा आहे. खालच्या भिंती दगडी, वरच्या पक्क्या विटांच्या, आणि जाडी कोठेंहि दोन फुटांहून कमी नाहीं. तळमजल्यावर आमच्या मातोश्री, दादा व वहिनी; पहिल्या मजल्यावर आमचे धाकटे बंधु, त्यांची पत्नी, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाणारा त्यांचा मुलगा; दुसऱ्या मजल्यावर दादांचा मुलगा व सूनबाई, आणि गच्चीलगतच्या खोलींत आमचीं पुस्तकें व आम्ही. चूल एक, देवघर एक, आणि तळमजल्याच्या खिडकींतून आंत आलेली इंटरनेटची फायबर-जोडणीहि एकच.

सूनबाई रोज संध्याकाळीं सात ते नऊ या वेळांत दुबईस व आखातांतील इतर शहरीं राहणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबांतील मुलांना संगणकावरून मराठी शिकवितात. बाराखडी चालू असतांना पडद्यावरील चित्र 'कि'वर गोठावें, आणि पुन्हां हललें तों मुलें 'कौ'पर्यंत पोंचलेलीं असावीं, असे प्रकार आषाढांत सुरू झाले. श्रावणांत ते नित्याचे झाले. ज्या संस्थेमार्फत हा वर्ग चालतो तिनें शेवटीं नम्रपणें कळविलें कीं, महिनाअखेरपर्यंत सुधारणा न झाल्यास वर्ग दुसऱ्या शिक्षिकेकडे सोंपविणें भाग पडेल. त्या दिवशीं सूनबाई जेवावयास खालीं आल्या, पण पानावर बसून नुसत्या भात चिवडीत राहिल्या.

घरांत रीतसर न्यायनिवाडा झाला. संशय अर्थातच आमच्या पुतण्यावर आला, कारण तो संगणकावर खेळ खेळतो हें सर्वांस ठाऊक होतें. सात ते नऊ या वेळांत खेळ बंद, असा दादांनीं हुकूम सोडला, आणि आम्हींहि त्या मुलास चार उपदेशाचे शब्द ऐकविले. ते आतां आठवले म्हणजे आम्हांस संकोच वाटतो. मुलानें हुकूम अक्षरशः पाळला; वर्ग मात्र तसाच तुटत राहिला. तेव्हां दादा कंटाळून म्हणाले, "तीन मजल्यांना तीन जोडण्या घेऊन टाकूं. ज्याचा खर्च त्यानें करावा, ज्याची कटकट त्यानें सोसावी." मातोश्रींनीं हातांतली जपमाळ थांबविली व म्हणाल्या, "आज तारा वेगळ्या करा. उद्यां चुली कराल." कोणीच कांहीं बोललें नाहीं. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच पुतण्याला सोबतीस घेऊन कामाला लागलों.

या कामांत पहिली गोष्ट कोणती करावी, तर तर्क करण्याचें थांबवून मोजावयास लागावें. नळाच्या पाण्याचा ज्यांस अनुभव आहे त्यांस हें पटविण्याची गरज नाहीं. रस्त्यावरून कितीहि मोठा नळ आला, पण स्वयंपाकघराच्या तोटीमागें अर्ध्या इंचाचा गंजका तुकडा असला, तर घागर भरावयास लागणारा वेळ त्या तुकड्यावरच ठरतो. नगरपालिकेकडे अर्ज करून कांहीं उपयोग नाहीं, आणि रस्त्यावरचा नळ आणखी मोठा करून घेतला तरीहि नाहीं. इंटरनेट मंद वाटलें कीं लोक अधिक पैसे भरून अधिक वेगाची जोडणी घेतात व तीहि तितकीच मंद वाटते, याचें कारण हेंच. वाटेचा एकेक टप्पा वेगळा काढून मोजला पाहिजे.

येथें मापाचा एक घोटाळा सांगून ठेवतों. जोडणी विकणारे वेग मेगाबिटमध्यें सांगतात, आणि संगणक एखादी फाईल उतरवून घेतांना तो बहुधा मेगाबाइटमध्यें दाखवितो. आठ बिटांचा एक बाइट होतो. तेव्हां २०० मेगाबिटची जोडणी पूर्ण वेगानें चालली तरी पडद्यावर २५ च्या आंतलाच आकडा दिसावयाचा. हें न कळल्यामुळें आमच्या एका स्नेह्यांनीं आपल्या कंपनीशीं तीन महिने कडक शब्दांत पत्रव्यवहार केला.

आमची जोडणी २०० मेगाबिटची. पुतण्यानें आपला संगणक उचलून तळमजल्यावर आणला, मुख्य पेटीला, म्हणजे राउटरला, हातभर केबलीनें थेट जोडला, आणि वेग मोजला. संध्याकाळीं साडेसातास १९० च्या आसपास. रात्रीं अकरास, निजानीज झाल्यावर, तितकाच. म्हणजे दारापर्यंत माल पुरा येत होता. गळती असलीच तर ती घराच्या आंत होती.

आंतली वाट मोजावयास आयपर्फ नांवाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. घरांतील एका संगणकावर तो ऐकत बसतो. दुसऱ्या संगणकावरून त्याच्याकडे माहितीचा लोंढा सोडावयाचा, आणि दोघांमधील मार्गाला तो किती पेलवला हें पाहावयाचें. बाहेरच्या इंटरनेटचा या मोजणीशीं कांहीं संबंध येत नाहीं. तळमजल्यापासून पहिल्या मजल्यापर्यंत पूर्वींपासून केबल टाकलेली होती. त्या टप्प्याचा वेग निघाला ९४. पुन्हां मोजला, ९४. चार वेळां मोजला तरी ९४. पुतण्या म्हणाला, "काका, हा आकडा ओळखीचा आहे." ईथरनेटच्या ज्या मार्गाचा नाममात्र वेग १०० असतो, त्यावर प्रत्येक पुडक्याबरोबर जाणाऱ्या नांवपत्त्याचा भार वजा जातां हातीं सुमारें ९४ उरतात. पण केबल व तिच्या टोकांचीं यंत्रें हजारांच्या लायकीचीं आहेत असें आम्ही समजत होतों. मग हजाराचे शंभर कोठें झाले?

या केबलीच्या पोटांत आठ बारीक तारा असतात, आणि दोन-दोन तारांना पीळ घालून त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात. हा पीळ शोभेसाठीं नसतो. बाहेरच्या विजेचा उपद्रव जोडींतील दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होतो, आणि संदेश दोन तारांमधील फरकांतून वाचला जात असल्यामुळें तो उपद्रव वजाबाकींत नाहींसा होतो. १९९५ सालीं ठरलेली १०० मेगाबिटची जी सर्वत्र रूढ झालेली पद्धति आहे, तिला यांपैकीं दोनच जोड्या लागतात. १९९९ सालच्या १००० मेगाबिटच्या पद्धतीस चारहि लागतात. म्हणून उरलेल्या दोन जोड्यांपैकीं एखादी तार तुटली तर जाळें बंद पडत नाहीं. पुष्कळ वेळां दोन्ही टोकांचीं यंत्रें आपसांत तडजोड करून शंभरावर उतरतात आणि कोणास कांहीं न सांगतां वर्षानुवर्षें तशींच चालतात. जाळें सरळ बंद पडलें असतें तर आम्हीं त्याच दिवशीं माणूस बोलावला असता.

जिन्यावरची प्लॅस्टिकची पट्टी उचकटून पाहिली. गेल्या दिवाळीपूर्वीं जिन्याला रंग दिला तेव्हां ती काढून पुन्हां ठोकली होती, आणि तिचा एक बारीक खिळा केबलीच्या कडेंतून आरपार गेला होता. आम्हीं केबलच बदलावयाची ठरविली. बाजारांत या कामासाठीं जी फार स्वस्त केबल मिळते, तींत पुष्कळदां ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ती लवकर मोडते व लांबच्या अंतरास दगा देते. दुकानदारास शुद्ध तांब्याची आहे काय हें स्पष्ट विचारावें, आणि एक टोक खरवडून पाहावें. आंतून पांढरें दिसलें तर परत करावें. विजेच्या तारांच्या पट्टींतून ही केबल कधींहि नेऊं नये. एका तुकड्याची लांबी १०० मीटरांपर्यंत चालते, आणि वाड्यांतील कोणतेंहि अंतर त्याहून पुष्कळ कमीच असतें.

नवी केबल घातली, टोकें चिमट्यानें दाबून बसविलीं, मोठ्या आशेनें मोजलें. ९४!

पुतण्यानें डोक्याला हात लावला. मग केबलीचा माग काढीत काढीत आम्ही पहिल्या मजल्याच्या माळ्यावर पोंचलों. तेथें, जुन्या पितळी समया आणि गणपतीच्या मखराच्या मागें, धुळीनें माखलेली एक लहानशी पेटी डोळे मिचकावीत बसली होती. बारा वर्षांपूर्वीं आम्हींच ती बसविली होती व विसरलों होतों. तिला स्विच म्हणतात. एक केबल आंत घेऊन ती चार वाटांना फोडून देते. आमची पेटी मात्र शंभराच्या पलीकडे जाणारी नव्हती. तिच्या जागीं हजाराची बसवितांच आकडा ९४० वर गेला.

ही स्विच नांवाची वस्तु इतकी सामान्य झाली आहे कीं तिच्यापूर्वीं काय गोंधळ होता हें आज कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. १९७१ सालीं हवाई विद्यापीठांत नॉर्मन अब्रॅमसन यांनीं निरनिराळ्या बेटांवरचीं यंत्रें एका मुख्य संगणकाशीं रेडिओच्या लहरींनीं जोडलीं. रीत साधी होती: ज्याला बोलावयाचें त्यानें बोलावें, आणि दोघांचें बोलणें एकमेकांवर आदळलें तर प्रत्येकानें वाटेल तितका वेळ थांबून पुन्हां बोलावें. १९७३ सालीं कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें झेरॉक्सच्या संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ यांनीं ती कल्पना एका तारेवर उतरविण्याची योजना मांडली, आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्यानें ती सिद्धीस नेली. बोलण्यापूर्वीं तार मोकळी आहे कीं नाहीं हें ऐकावें, आणि बोलतांनाहि टक्कर होते काय हें ऐकत राहावें, ही त्यांची सुधारणा. पदार्थविज्ञानांतील जुन्या ईथरवरून त्यांनीं तिला ईथरनेट हें नांव दिलें. वेग होता २.९४ मेगाबिट. तरीहि एका तारेवरचे सारे संगणक एकाच चावडीवर बसलेले असत. एकानें तोंड उघडलें कीं बाकीच्यांनीं गप्प राहावयाचें. १९९० सालीं एका अमेरिकन कंपनीनें पहिला ईथरनेट स्विच बाजारांत आणला, आणि प्रत्येक संगणकाला स्वतःची स्वतंत्र वाट मिळाली. त्या कंपनीचें नांव 'कल्पना'. संस्थापकांपैकीं विनोद भारद्वाज हे मूळचे भारतीय. त्यांनीं आपल्या पत्नीचें नांव कंपनीला दिलें होतें. पुढें १९९४ सालीं सिस्को कंपनीनें ती विकत घेतली आणि नांव मागें पडलें. आमच्या वहिनींना ही हकीकत फार आवडली.

तारेवरचा जो गोंधळ स्विचनें मिटविला, तो हवेंत मात्र बराचसा शिल्लक आहे. वायफाय म्हणजे पुन्हां ती चावडीच. अगदीं नव्या यंत्रांतील कांहीं सुधारणा सोडल्या तर एका वाहिनीवर एका वेळीं एकानेंच बोलावयाचें असतें, आणि त्या वाहिनीवर शेजारच्या इमारतींतील यंत्रेंहि आलीं. त्यांतून एखादें जुनें किंवा दूरचें यंत्र सावकाश बोलूं लागलें म्हणजे तें अधिक वेळ खातें, आणि वेगानें बोलणाऱ्यांना ताटकळत ठेवतें. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत नांवाला तेरा वाहिन्या असल्या तरी एकमेकींवर न चढणाऱ्या अशा १, ६ व ११ या तीनच, आणि स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टीहि त्याच पट्ट्यांत गुणगुणत असते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक ऐसपैस व वेगवान, पण भिंत आली कीं त्याचा जीव लवकर जातो. आमच्या दोन फुटी भिंतीपुढें त्याची काय कथा!

दुसऱ्या मजल्यावर केबल नव्हतीच. पहिल्या मजल्यावरील वायफायचा क्षीण आवाज ऐकून तोच पुन्हां मोठ्यानें म्हणणारें एक रिपीटर यंत्र आम्हीं जिन्याच्या तोंडाशीं लावलें होतें. हें यंत्र घ्यावयास स्वस्त व लावावयास सोपें, म्हणून घरोघरीं दिसतें. परंतु साध्या रिपीटरला प्रत्येक शब्द एकदां ऐकावा व एकदां म्हणावा लागतो, आणि दोन्ही कामें एकाच वाहिनीवर चाललीं तर अर्धा वेळ तेथेंच जातो. शिवाय तें अशा जागीं असावें लागतें कीं जेथें मूळचा आवाज चांगला येतो. आम्हीं तें लावलें होतें नेमकें जेथें आवाज संपतो तेथें. सूनबाईंच्या टेबलापाशीं मोजलें तर कधीं १८, कधीं २० मेगाबिट.

येथवर आलों तेव्हां रोग सांपडला असें आम्हांस वाटलें. पण पुतण्या मान हलवीत होता. त्याचें म्हणणें असें कीं, समोरासमोर चित्र दाखवून बोलावयास दोन ते चार मेगाबिट पुरतात. मग १८ असतांना वर्ग तुटावा कां? प्रश्न बिनतोड होता, आणि तो आमच्या ध्यानांत आला नव्हता हें कबूल केलें पाहिजे. आम्ही सारा वेळ नळाच्या रुंदीकडे पाहत होतों.

त्यानें दुसरें एक माप काढलें. पिंग नांवाची एक साधी सोय प्रत्येक संगणकांत असते. ती दुसऱ्या यंत्राला एक हांक मारते आणि 'ओ' यावयास किती वेळ लागला तें सांगते. दुपारीं सूनबाईंच्या टेबलावरून तळमजल्याच्या राउटरला मारलेल्या हांकेचा जबाब पांच-सहा मिलिसेकंदांत येत होता. संध्याकाळीं सात वाजून वीस मिनिटांनीं तोच जबाब ६०० मिलिसेकंदांवर गेला, मग ९००. संभाषणांत एका दिशेचा उशीर दीडशें मिलिसेकंदांच्या आंत असावा, असा दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय शास्त्राचा संकेत आहे. त्याच्या पुढें गेलें कीं माणसें एकमेकांच्या बोलण्यावर चढूं लागतात. वेग १८ च होता; पण प्रत्येक शब्द रांगेंत उभा राहत होता.

रांगेचें हें दुखणें जुनें आहे. १९८६ च्या ऑक्टोबरांत कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांमधील जोडणीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. दोन्ही ठिकाणांत अंतर चारशें यार्डांचें. वाटेंत गर्दी झाली, पुडकीं हरवलीं, पाठविणाऱ्या यंत्रांनीं तीं पुन्हां पाठविलीं, आणि त्यामुळें गर्दी आणखी वाढली. व्हॅन जेकबसन यांनीं यावर जो उपाय शोधला तो १९८८ सालीं प्रसिद्ध झाला: पुडकें हरवलें म्हणजे पुढें वाट भरलेली आहे असें समजून पाठविणाऱ्यानें आपला हात आंखडावा. आजचें इंटरनेट या शिस्तीवर उभें आहे. पण पुढें स्मरणशक्तीच्या चकत्या स्वस्त झाल्या, आणि यंत्रें बनविणाऱ्यांनीं पुडकें हरवूं नये म्हणून प्रत्येक पेटींत भलीमोठी कोठारें ठेवलीं. हेतु चांगला, परिणाम उलटा. पुडकें हरवतच नाहीं, म्हणून पाठविणाऱ्यास गर्दीची वार्ता वेळेवर लागत नाहीं. तो पाठवीत राहतो, आणि कोठार भरून रांग लांबते. २०१० सालीं जिम गेटीस या संगणकतज्ज्ञांना हा प्रकार स्वतःच्या घरीं मोठी फाईल पाठवितांना आढळला, आणि त्यांनीं त्याला बफरब्लोट, म्हणजे कोठाराची सूज, असें नांव दिलें. २०१२ सालीं कॅथलीन निकोल्स व तेच जेकबसन यांनीं त्यावर औषध सुचविलें: रांग किती लांब आहे हें न पाहतां पुडक्याला किती वेळ थांबावें लागलें हें पाहावें, आणि तो वेळ सतत ५ मिलिसेकंदांहून अधिक राहूं लागला तर एखादें पुडकें मुद्दाम टाकून द्यावें, म्हणजे पाठविणारा शुद्धीवर येईल.

हें सारें पुतण्यानें आम्हांस जिन्याच्या पायरीवर बसून समजावून दिलें. आमच्या घरांत ही सूज उत्पन्न कोण करीत होतें, हा प्रश्न मात्र राहिला. सात वाजून गेलेले, मुलाचा स्वतःचा संगणक बंद, धाकटे बंधु अद्याप कचेरींतून यावयाचे. त्यानें राउटरचें पान उघडलें. कोणतें यंत्र किती माहिती बाहेर पाठवितें हें त्यावर दिसतें. एकच यंत्र अखंड पाठवीत होतें. त्याच्यापुढें आमचें नांव होतें.

आषाढांत आम्हीं नवा मोबाईल घेतला. वैशाखांतील पुतणीच्या लग्नाचीं सारीं चलच्चित्रें जुन्या मोबाईलमधून त्यांत आलीं. दुकानदारानें सर्व छायाचित्रांची प्रत दूरच्या कोठारांत आपोआप जाईल अशी व्यवस्था करून दिली. अट एवढीच कीं मोबाईल वायफायवर असावा व विजेला लावलेला असावा. आम्ही रोज सायंकाळीं पर्वतीवरून फिरून येतों, सात वाजतां मोबाईल विजेला लावतों, आणि वाचीत पडतों. आणि मग लग्नाची वरात त्या रिपीटरच्या अरुंद बोळांतून निघे, आणि सूनबाईंची बाराखडी तिच्या मागें खोळंबून राही. नऊच्या सुमारास जेवावयास जातांना आम्ही मोबाईल काढून खिशांत घालीत होतों. त्यामुळें मिरवणूक अर्धवट राहून दुसऱ्या दिवशीं पुन्हां निघत होती.

पुतण्या हंसला नाहीं. तो हंसला असता तर बरें वाटलें असतें. आम्हीं त्याच जागीं त्याची क्षमा मागितली, आणि रात्रीं पंक्तींत सर्वांसमक्ष हकीकत सांगितली. दादांनीं सात ते नऊ खेळबंदीचा हुकूम मात्र मागें घेतला नाहीं. कारण तेवढें अभ्यासाचें, असें बदललें.

पुढची दुरुस्ती दोन रविवारांत झाली. पहिल्या मजल्यावरील स्विचपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत केबल नेली, तिच्या टोकाला वायफायची स्वतंत्र पेटी बसविली, आणि रिपीटर काढून टाकला. खालच्या व वरच्या पेटीला निरनिराळ्या वाहिन्या नेमून दिल्या. सूनबाईंचा संगणक तर वायफायवर ठेवलाच नाहीं. त्याला टेबलापर्यंत केबल दिली. जें यंत्र जागचें हलत नाहीं त्याला तार द्यावी, आणि हवा हिंडत्या मोबाईलांसाठीं मोकळी ठेवावी, हा पुतण्याचा आग्रह आम्हांस आतां पूर्ण पटला आहे. मुख्य राउटर बदलून, ज्यांत रांग आवरण्याची वर सांगितलेली सोय आहे असा घेतला, आणि त्याला वेगाची मर्यादा १७५ घालून दिली. मिळणाऱ्या १९० पैकीं १५ सोडून द्यावे हें दादांना मुळींच रुचेना. पण रांग बाहेरच्या कोणाच्या पेटींत साचण्याऐवजीं आपल्या पेटींत साचली तरच आपणांस तिला शिस्त लावतां येते. त्यासाठीं आपली तोटी बाहेरच्या नळाहून किंचित् अरुंद ठेवावी लागते. आमच्या छायाचित्रांची वेळ पहांटे दोनची ठरविली.

त्यानंतर एके संध्याकाळीं परीक्षा म्हणून सर्वांनीं मुद्दाम एकदम जाळें वापरलें. धाकट्या बंधूंनीं चित्रपट लावला, आम्हीं वरात सोडली, पुतण्यास खेळावयाची खास परवानगी मिळाली. सूनबाईंच्या टेबलावरून पिंग १२ च्या वर गेलें नाहीं. महिनाअखेरीस संस्थेचें पत्र आलें कीं वर्ग चालू ठेवावा, आणि जमल्यास शनिवारचा आणखी एक घ्यावा. सगळा खर्च तीन वेगळ्या जोडण्यांच्या तीन महिन्यांच्या भाड्यांत बसला, असा दादांचा हिशेब आहे, आणि तो त्यांनीं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आहे.

एक काम मात्र राहिलें आहे. तळमजल्यावरच्याच माजघरांत, जेथें मातोश्री दुपारीं नागपूरच्या आत्याबाईंशीं चित्रावरून बोलतात, तेथें वायफाय अजून क्षीणच येतें. मधें दगडी भिंत, आणि तिला टेकून आरशाचें लोखंडी कपाट. धातूपुढें या लहरींचें कांहीं चालत नाहीं. कपाट हलवावें असें आम्ही सुचविलें. तें आपल्या लग्नांत आलें तेव्हांपासून त्याच जागीं आहे असें वहिनींनीं सांगितलें, आणि विषय संपला. तेव्हां भिंतीलाच भोंक पाडून केबल न्यावयाचें ठरलें आहे. पंधरा मीटर केबल आणून ठेवली, गवंड्यालाहि सांगितलें. पण पितृपक्ष लागल्यावर भिंतीला हात लावूं द्यावयास मातोश्री तयार नाहींत, त्यामुळें तें काम घटस्थापनेनंतर.